तासाचे पंचवीस रुपये

त्या वर्षी मला लोकांचे तास मोजायचं काम मिळालं. कलबुर्गीला अर्थशास्त्रात एम.ए. करून मी कमलनगरला परत आले होते आणि दीड वर्ष घरीच बसून होते. बेंगळुरूच्या एका संस्थेला बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत कमी पैशावर राबणाऱ्या माणसांच्या हातात तासाला नेमके किती रुपये पडतात, हे काढायचं होतं. मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं त्यांना हवी होती. आमच्याकडे या तिन्ही भाषा भाजीवालीलाही येतात, त्यामुळे मुलाखतीत मला फारसं काही विचारलं नाही. एक टॅबलेट दिला, गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं आणि जोडीला एक सहकारी दिला.

सहकारी औरादकडच्या एका गावचा. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. आधी सात वर्षं तो एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसत होता. मिल बंद पडल्यावर इकडे आला. सुट्टीच्या दिवशी गावातल्या विहारात दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा. बोलायचा कमी, पण एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही.

पहिलं गाव हळ्ळीखेड. सोयाबीनमध्ये खुरपणी चालू होती. बसस्टँडच्या मागे एका झाडाखाली खुरपणीहून आलेल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. मी टॅबलेट उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काल किती तास काम झालं?"

"दिवसभर," एक जण म्हणाली.

"म्हंजे किती तास?"

"दिवसभर म्हंजे दिवसभर. रोज इचार की बाई. तीनशे हाय. तास कामून पायजेत तुला?"

टॅबलेटमध्ये 'दिवसभर' लिहायची सोय नव्हती. चौकोनात आकडा भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नसे. मी अंदाजाने दहा लिहिले. सहकाऱ्याने माझ्या हातातून टॅबलेट घेतला.

"दहा न्हाईत," तो म्हणाला. "माझी माय खुरपायला जायची." मग त्याने त्या बाईला विचारलं, "घरातून निघालाव तवा पोरं शाळंत गेली होती का?"

"गेली होती की. पोरं गेली की भाकर बांधून निघतो."

"आन् सुटता कधी?"

"तिकडून बस येती ना, पावणेपाचची, तिचा हॉर्न ऐकला की खुरपं पुसतो."

शाळा, भाकरीची सुट्टी, बसचा हॉर्न, असं जोडत जोडत हिशेब सहा तासांवर आला. तीनशेला सहाने भागलं. तासाला पन्नास रुपये. त्या बाईला मी तो आकडा सांगितला नाही, कारण आकडा सांगायचा नाही असा नियम होता. तिनेही विचारला नाही. पण मी एक गोष्ट शिकले. त्यानंतर मी कुणालाच 'किती तास' असं विचारलं नाही. नळाला पाणी आलं होतं का, अजान झाली होती का, दुधाची गाडी गेली होती का, असं विचारत गेले आणि तास आपोआप सापडत गेले.

करजगीला वेगळाच पेच पडला. तिथे एक बाई घरी बसून मिरचीचे देठ खुडायची. पैसे किलोवर. तिच्या शेजारी सासू बसलेली, माहेरपणाला आलेली नणंद बसलेली, आणि तिघींचे हात चाललेले. पैसे मात्र एकीच्या नावावर. मी संस्थेच्या पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, जिचं नाव यादीत आहे तिचेच तास लिहा. तसं लिहिलं तर तिचा तास बरा दिसत होता. तिघींचे तास धरले तर निम्म्याहून खाली येत होता. सहकाऱ्याने शेरा लिहायच्या जागेत तिघींचे तास लिहून ठेवले. तो शेरा पुढे कुणी वाचला की नाही, मला ठाऊक नाही.

महिनाभराने कमलनगरची यादी आली. यादीतली नावं संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली असत. नववं नाव आमच्या दुकानातल्या काकांचं होतं.

आमचं किराणा दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. खेड्यापाड्यांतले छोटे दुकानदार जीपने येतात आणि पोत्याने माल नेतात, शिवाय गावातलं किरकोळ गिऱ्हाईक असतंच. काका तिथे मी बालवाडीत जायच्या आधीपासून आहेत. पोती उतरवणं, डाळ-तांदूळ निवडून भरणं, वजन करणं, पुड्या बांधणं, जीपच्या टपावर माल चढवणं, सगळं तेच करत. नवीन गिऱ्हाइकाला ते अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, भाऊ वाटत. सणाला आमच्या घरी जेवायला असत आणि त्यांचं ताट अप्पांच्या ताटाशेजारी मांडलं जाई. त्यांना नोकर म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आम्ही म्हणायचो, काका दुकान बघतात.

ओळखीच्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, असा दुसरा नियम होता. म्हणून काकांकडे सहकारी गेला. दुपारी दुकानासमोरच्या हॉटेलात, चहा घेता घेता त्याने फॉर्म भरला. संध्याकाळी दिवसभराचे फॉर्म पाठवायच्या आधी आम्ही एकमेकांचे तपासायचो. काकांचा फॉर्म माझ्यासमोर आला. पगार महिना नऊ हजार. कामाचे तास आठ. आठवड्याची सुट्टी, एक दिवस.

"हे आठ तास कुठून आले?" मी विचारलं.

"त्येनी सांगितले. मी दोनदा इचारलो. दोनदाबी आठच म्हणाले."

"आन् आठवड्याची सुट्टी?"

"तीबी त्येनीच सांगितली." त्याने माझ्याकडे पाहिलं. "कामून? चूक हाय का?"

आमचं दुकान सकाळी सातला उघडतं आणि रात्री साडेनवाला बंद होतं. महिन्यातून एकच दिवस बंद असतं, अमावास्येला. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी त्याला काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "बघू उद्या." फॉर्म तसाच गेला. दोन दिवस मी दुसऱ्यांचे फॉर्म भरत राहिले. मला लाज वाटत होती की भीती, हे तेव्हा नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. तिसऱ्या दिवशी सहकारी म्हणाला, "त्या काकांचं काय करायचं? तुझं दुकान हाय. तुला ठाऊक असंल तर सांग. न्हाईतर मी इसरतो." तो हे रागाने म्हणाला नाही. त्याच दुपारी मी पर्यवेक्षकांना फोन करून खरं काय ते सांगितलं.

ज्यांच्या तासांबद्दल शंका असेल त्यांच्या कामाच्या जागी एक पूर्ण दिवस बसून नोंद करायची, अशी सोय सर्व्हेत होती. त्यासाठी त्या माणसाची परवानगी लागे. सहकाऱ्याने काकांना विचारलं. काका म्हणाले, "बसा की. रस्ता सरकारचा हाय."

तो समोरच्या हॉटेलच्या बाकावर सकाळी पावणेसातला येऊन बसला. मी त्या दिवशी घरीच थांबले. दुपारी दोनला अप्पा जेवायला आले. आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत आहे. हात धुता धुता ते म्हणाले, "समोर एक माणूस सकाळपासून बसलाय. तीन चहा पिला. पेपर वाचंना, फोन बघंना. आपल्याच दुकानाकडं बघायलाय आन् वहीत लिवायलाय. जीएसटीवाला असंल का?"

"न्हाई अप्पा. माझ्यासंगं काम करतेत ते."

"मग दुकानात का बसंना? आपल्याकडं काय करायलाय?"

"काकांचे तास लिवायलेत."

अप्पांनी पुन्हा हात धुतले. मग पाटावर बसले. "कामून?"

"यादीत त्यांचं नाव आलंय."

"आन् माझं?"

"मालकाचं येत न्हाई."

ते जेवले. उठताना म्हणाले, "त्या माणसाला इकडं जेवायला बोलीव. उपाशी असंल." सहकारी आला नाही. जागा सोडायची नाही असा नियम आहे, असा निरोप त्याने पाठवला. अप्पांनी त्याच्यासाठी हॉटेलातून भजी आणि चौथा चहा पाठवला.

त्याची ती वही मी दुसऱ्या दिवशी पाहिली. सहा पंचावन्नला शटर. सात दहाला झाडून पाणी शिंपडलं. सव्वासातला साखरेची दहा पोती आत घेतली. सव्वाआठला पहिली जीप. असं पानभर. दोन वीस ते दोन पन्नास, पोत्यांच्या मागे बसून जेवण. त्यानंतर पुन्हा पानभर. नऊ तीसला शटर. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली होती: जेवण सोडून दिवसात दोनदा बसले, एकदा पुड्या बांधताना, एकदा चप्पल तुटली म्हणून.

अर्ध्या तासाचं जेवण वजा केलं तर चौदा तास होत होते.

चार दिवसांनी पोळ्याची अमावास्या आली. बाजार बंद होता आणि शेतातली कामंही बंद होती. उरलेले प्रश्न विचारायला आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. या वेळी मी आले तर चालेल असं पर्यवेक्षकांनी सांगितलं होतं, मात्र प्रश्न सहकाऱ्यानेच विचारायचे. काकांचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. काकू आत पुरणपोळ्या करत होत्या. एरवी त्या खुरपायला जायच्या.

"काका, आठ तास कामून सांगितलाव?" सहकाऱ्याने बसता बसताच विचारलं.

लहानपणापासून मला अक्का म्हणणारे काका आधी माझ्याकडे बघून हसले. "आता अक्काच समोर हाय म्हणल्यावर काय लपवायचं? मालकाचं नाव खराब व्हईल म्हणून सांगितलो." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् माझंबी. चौदा तास राबतो म्हणलं तर तुमी म्हणणार, ह्या माणसाला अक्कल हाय का न्हाई."

सहकाऱ्याने सगळे प्रश्न पुन्हा विचारले आणि उत्तरं पुन्हा लिहिली. फॉर्म संपल्यावर काका म्हणाले, "किती आला?"

"काय?"

"आकडा. तासाचा. तुमी तेच काढायलाव ना?"

सांगायचा नाही हा नियम आम्हा दोघांनाही ठाऊक होता. सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. त्याने वहीचं कोरं पान काढलं आणि गणिताच्या शिकवणीत करावं तसं काकांना दाखवत केलं. चौदा तास, एकोणतीस दिवस, चारशे सहा तास. नऊ हजार भागिले चारशे सहा. बावीस रुपये आणि वर थोडे पैसे.

काकांनी ते पान स्वतःकडे ओढलं. "न्हाई," ते म्हणाले, "तांदूळ धरला न्हाईस तू. महिन्याला दहा किलो तांदूळ देतेत मालक."

सहकाऱ्याने तांदूळ धरला.

"तेल धर. दोन किलो."

तेल धरलं.

"दोन टाइमचा चहा. दिवाळीचे कपडे. दोघांचेबी." ते एकेक आठवून सांगत होते. लेकीच्या लग्नात मालकांनी दिलेली भांडी धरायची का, असंही त्यांनी विचारलं. एकदाच दिलेलं धरता येत नाही, असं सहकाऱ्याने समजावलं. आपला आकडा वाढावा म्हणून ते धडपडत होते. आम्हालाही तो वाढायला हवा होता. सगळं मिळून महिन्याचे बाराशे रुपये आणखी धरले गेले. पुन्हा भागाकार केला. पंचवीस रुपये बारा पैसे.

आतून काकू हात पुसत दारात आल्या. त्या सगळं ऐकत होत्या. "आन् माझा किती येतो?"

त्यांचं नाव आमच्या यादीत नव्हतं. तरी सहकाऱ्याने त्यांना गल्लीतल्या पोरांची शाळा, भाकरीची सुट्टी, सुटायची वेळ विचारली. रोज तीनशे. सहा तास.

"पन्नास," तो म्हणाला.

"म्हंजे माझ्या एका तासात ह्यांचे दोन तास बसतेत व्हय?" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की दाराला धरून खाली बसल्या. "आन् चोवीस वर्षं मला सांगायलेत, मी दुकानात हाव, तू मातीत."

"तुझं काम चार महिन्याचं," काका म्हणाले.

"चार महिने तरी म्या मोठी की."

काका हसले नाहीत. सहकाऱ्याने हळूच सांगितलं की दुकानातल्या माणसाला सरकारने ठरवलेला पगार याच्यापेक्षा बराच जास्त आहे आणि तशी तक्रार करता येते. काकांनी मान हलवली. "मला ठाऊक हाय. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी मी घरी. ह्या वयात मला कोण ठेवंल? आन् मालक वाईट न्हाईत." हे शेवटचं वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं. मग काकूंनी ताटं आणली आणि आम्ही जेवलो.

त्यानंतर आठेक दिवसांनी, दुपारच्या वेळी, मी अप्पांना डबा द्यायला दुकानात गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. काका पोत्याचं तोंड शिवत होते. सुई पोत्यात तशीच खोचून ते उठले आणि गल्ल्यासमोर येऊन उभे राहिले.

"मालक, मला संध्याकाळी सातला सोडत जावा."

अप्पांनी चष्मा काढला. "बरं वाटंना का?"

"बरं हाय."

"घरात कुणी आजारी हाय?"

"न्हाई."

"मग सातला जाऊन काय करणार?"

"काही न्हाई. घरी बसणार. सात ते सात बारा तास व्हतेत. तेवढं बास झालं."

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हजार वाढवतो. दहा घे."

"पैसे वाढवू नका मालक. तास कमी करा."

मला वाटतं, जास्त पगार मागितला असता तर अप्पांनी थोडी कुरकुर करून दिला असता. पगार वाढवणं हे त्यांच्या हातातलं काम होतं, आणि त्यात त्यांना थोडा मानही मिळाला असता. पण माणूस सातला उठून जाणार आणि आपण साडेनऊपर्यंत बसणार, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांचा चेहरा बदलला. "जायचं तर जा," ते म्हणाले. "पण मग आठ हजार मिळतील."

"द्या," काका म्हणाले आणि परत पोतं शिवायला बसले.

घरी अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर म्हणाले, "माझा तास मोज."

"अप्पा, मालकाचा..."

"सर्व्हेत नको. मला सांग. मीबी सकाळी सातला जाऊन बसतो. मलाबी रविवार न्हाई. माझा तास किती रुपयाचा हाय, मोज."

मी वही घेऊन बसले. तास सोपे होते. पण दुकानातून महिन्याला किती उरतं, हे अप्पांना सांगता येईना. घरातला किराणा दुकानातून येत होता, माझ्या हॉस्टेलचे पैसे गल्ल्यातून गेले होते, पावत्या कोणत्या घरच्या आणि कोणत्या दुकानच्या हे कधी वेगळं केलंच नव्हतं. दोन तास खटपट करून आम्ही सोडून दिलं. अप्पा वही मिटत म्हणाले, "बघ. माझं मलाच ठाऊक न्हाई. त्याचं तुला एका दिवसात कळलं." ते चिडून म्हणत होते की हरून, ते मला ओळखता आलं नाही. पण त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

काकू मला बाजारात भेटल्या. पोळ्याच्या दिवशी हसणाऱ्या काकू मला बघून रस्त्यातच थांबल्या. "अक्का, तुझ्या त्या आकड्याच्या डब्ब्यानं माझे हजार रुपये खाल्ले."

मी म्हणाले, "काकांचा तास आता सव्वीस-सत्तावीसला गेला, काकू."

"तास गेला वर आन् पगार आला खाली. दुकानात तेल आणायला तासानं जाऊ का पैशानं?"  माझ्यापाशी पैसे होते, पण द्यायची हिंमत झाली नाही. दिले असते तर त्यांनी घेतलेही नसते.

काका सातला जाऊ लागले. पहिले काही दिवस गल्लीतली माणसं त्यांना विचारत, आजारी आहात का, कामावरून काढलं का. काका म्हणत, "न्हाई, सुटलो." अप्पांनी संध्याकाळसाठी एक माणूस ठेवला, सात ते साडेनऊ, महिना अडीच हजार. तिशीतला होता, दिवसा दुसरीकडे हमाली करायचा. महिना संपल्यावर त्याने आणखी पाचशे मागितले. अप्पांनी नाही म्हटलं, तर तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. उदगीरला गेला असं कळलं.

त्या दिवशी अप्पांनी मला दुकानात बोलावलं. साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने काहीतरी मांडलं होतं. "हे बरोबर हाय का बघ." अडीच तास, एकोणतीस दिवस, अडीच हजार. खाली उत्तर लिहिलं होतं, चौतीस आणि वर काही. त्याच्या शेजारी काकांचं लिहिलं होतं. सत्तावीस आणि वर काही. दोन्ही बरोबर होती. मी तसं सांगितलं.

"म्हंजे काल आलेल्या माणसाला मी जास्त दिलो," अप्पा म्हणाले, "आन् तो इथं चोवीस वर्षं हाय, त्याला कमी." एवढं बोलून त्यांनी पुठ्ठा फाडला आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

दिवाळीच्या पाडव्याला पूजा झाल्यावर त्यांनी काकांना कपडे दिले आणि पाकीट दिलं. म्हणाले, "पगार पहिल्यासारखा नऊ." वेळेबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. संध्याकाळचा माणूस पुन्हा ठेवला नाही. अप्पा एकटेच बसायचे, पोतं उचलायला लागलं की गिऱ्हाइकालाच हात लावायला सांगायचे. थोड्या दिवसांनी त्यांची कंबर धरली. मग ते आठलाच शटर ओढू लागले. विक्री थोडी घटली. किती, ते त्यांनी मोजलं नाही, किंवा मला सांगितलं नाही.

सर्व्हेची शेवटची फेरी, त्याच माणसांना पुन्हा विचारायची, वैशाखात होती. आम्ही काकांच्या घरी संध्याकाळी साडेसहाला पोचलो. काकू एकट्याच होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. पाडव्यानंतर त्यांचा राग गेला होता, पण बोलणं आधीसारखं मोकळं नव्हतं. हरभऱ्याची काढणी झाल्यापासून पाच आठवडे त्यांना कुठेही काम मिळालं नव्हतं.

"माझं लिवायलाव का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव यादीत न्हाई काकू," सहकारी म्हणाला.

"नको लिवू. लिवण्यासारखं न्हाईच काही. पन्नासचा तास हाय म्हणून त्या दिवशी लई हसले मी. आता तासच न्हाई." त्या उठून चुलीकडे गेल्या. "ह्यांचे तीस तर रोज येतेत."

काकांचा नवा आकडा तेवढाच येत होता, तीस आणि वर काही पैसे. आम्ही तो सांगितला नव्हता. त्यांनी घरच्या घरी काढला होता.

सव्वासातला काका आले. बाहेर अजून थोडा उजेड होता. त्यांनी पाय धुतले, सदरा खुंटीला टांगला आणि आमच्यासमोर चटईवर बसले. सहकाऱ्याने प्रश्न सुरू केले. वेळ, पगार, सुट्टी, वस्तू. सगळी उत्तरं काकांनी न अडखळता दिली, या वेळी खरी. शेवटचा प्रश्न फक्त याच फेरीत होता. आपल्या कामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.

काकांनी विचार केला. "तीन लिवा."

"दोन लिवा," आतून काकू म्हणाल्या.

"तुझ्या कामाचं इचारायलेत का माझ्या?"

"तुमच्या कामाचं मलाच जास्त ठाऊक हाय. दोन."

सहकाऱ्याने विचारलं, "काका, काय लिवू?"

"तीन," काका म्हणाले. "गेल्या साली इचारलं असतं तर पाच सांगितलो असतो. तवा मोजलं नव्हतं."

सहकाऱ्याने तीन लिहिलं. काकूंनी चहा आणला, आणि त्यात साखर कमी पडली म्हणून काका साखरेचा डबा आणायला उठले.